पोस्टर चिकटवायच्या टॅकने पेन्सिलचित्र खोडावं का?

पानगळ
नमस्कार मंडळी. गेला दीड महिना आजीचं चित्र काढतोय. ए-३ आकाराचा ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) गुळगुळीत कागद, कडक-फिक्या २एचपासून मऊ-काळ्या ६बीपर्यंतच्या पेन्सिली आणि समोर १९८७ सालचा एक कृष्णधवल फोटो. पुढच्या महिन्यात आजीला जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाच्या दिवशी हे चित्र भिंतीवर असावं अशी आईची फार इच्छा आहे.

डोळे जमले. कपाळावरचं गोंदण जमलं, डोक्यावरून घेतलेला पदर जमला. अडकलोय डाव्या गालावर. सुरकुत्या दाखवण्याच्या नादात ४बी जास्त चालली आणि गालावर काजळी धरल्यासारखं दिसायला लागलं. पांढऱ्या खोडरबरानं हलकं करायला गेलो तर काळं गेलं नाहीच, उलट कानापर्यंत फरपटत गेलं आणि मधे एक रुपयाएवढी चकाकी आली. तिथं हात आवरला.

मळून वापरायचा करडा खोडरबर असतो, त्यासाठी कराडात चार दुकानं पालथी घातली. कुणाकडेच नाही. काल मुलीच्या खोलीतला आवर्तसारणीचा तक्ता भिंतीवरून काढताना मागचा निळा टॅक हातात आला. तक्त्यामागे तिनं पेन्सिलीनं खूण केली होती, ती खूण उलटी होऊन टॅकवर उमटली होती आणि कागदावर जवळजवळ दिसेनाशी झाली होती! तेव्हापासून डोक्यात हेच.

तर विचारायचं असं की या टॅकने शिसपेन्सिल नीट उचलली जाते का? कागदाला तेल लागतं का? आणि उचलल्यावर त्याच जागी पुन्हा पेन्सिल धरते का?

घाटवाट
उचलली जाते. आठ वर्षं तेच वापरतोय. फक्त घासू नका. ठेवा, दाबा, सरळ वर उचला. घासलंत की संपलं.

रेघोटी
मी पण वाचतेय. मला वाटायचं टॅक फक्त वेळापत्रक चिकटवायला असतो.

मोरपंखी
पानगळ, मी लोकांच्या कुत्र्या-मांजरांची चित्रं काढून देते, तेच माझं काम आहे. टॅक नसेल तर माझं एकही चित्र पुरं होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, त्याला खोडरबर समजू नका. खोडरबर रेघ घालवतो. टॅक छटा उतरवतो. ६बीचा काळा भाग एकदा दाबलात की ४बीसारखा दिसेल, दुसऱ्यांदा २बीसारखा. पांढरा कागद परत मिळेलच असं नाही, आणि बहुतेक वेळा तो हवाही नसतो. गालाला तर नकोच आहे.

लिमलेटच्या गोळीएवढा तुकडा घ्या. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा, कारण बोटांचा तेलकटपणा टॅकमध्ये मळला जातो. दोन-तीन मिनिटं मळा. ओढल्यावर लांब तार न येता मऊपणे तुटला की तयार झाला. मग काम बघून आकार द्यायचा. मोठ्या भागाची छटा एकसारखी उतरवायची असेल तर हळकुंडाएवढी वळी करून कागदावरून लाटण्यासारखी फिरवायची, पण वरून जोर द्यायचा नाही, तिच्या वजनानं जेवढं येईल तेवढंच घ्यायचं. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका हवा असेल तर टोक काढून एकदाच टेकवायचं. पांढरे केस काढायचे असतील तर करंजीची कड दाबतो तशी चिमटीत पातळ धार काढायची आणि केस जिकडे वळलाय त्या दिशेनं ती धार टेकवत टेकवत न्यायची. दर टेकवण्यानंतर घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. हे विसरलात तर उचललेलंच काळं पुढच्या जागी छापलं जातं.

मांजराच्या कानातले ते उलटे पांढरे केस असतात ना, ते मी कधीच कागद कोरा सोडून काढत नाही. आधी सगळा कान २बीनं भरते, मग धारेनं एकेक केस उचलते, मग प्रत्येक केसाच्या मुळाशी एचबीनं इवलीशी सावली देते. केस कागदातून वर आल्यासारखा दिसतो. तो क्षण मला अजून प्रत्येक वेळी तितकाच आवडतो.

आता तुमची चकाकी. ती अवघड आहे. तिथं ग्रॅफाइट वर बसलेलं नाही, दाबून आत बसलंय. टॅक वरचंच घेतो. चार-पाच वेळा दाबून जेवढं येईल तेवढं घ्या आणि थांबा.

काळीपाटी
मी निवृत्त कलाशिक्षक आहे. एकतीस वर्षं एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या मुलांना शिकवलं. माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगतो.

खोडण्याची सोय जितकी चांगली, तितका हात आळशी होतो. माझ्या वर्गात स्थिरचित्राच्या सरावाला पहिली वीस मिनिटं खोडरबर टेबलावर ठेवायला बंदी होती. घडा, वांगी, घडी घातलेलं फडकं मांडलेलं असे. चुकीची रेघ पडली तर राहू दे, शेजारी बरोबर रेघ काढ. चुकलेली रेघ समोर असली की बरोबर कुठं जायचं ते कळतं. खोडलीस की तीच चूक पुन्हा तिथंच करणार. परीक्षेच्या कागदांना भोकं पडलेली मी पाहिली आहेत, आणि ती भोकं पाडणारी मुलं हुशार होती, फक्त त्यांना काळ्याची भीती वाटत होती.

पानगळ, तुमचा गाल काळा झालाय असं तुम्ही म्हणता. कशाच्या शेजारी काळा? चित्राचा फोटो टाकता येईल का?

मोरपंखी
सर, पूर्ण आदर ठेवून म्हणते, इथे चूक लपवायचा प्रश्न नाही. मी टॅक पेन्सिलीसारखाच धरते. पेन्सिल काळं ठेवते, टॅक उजेड ठेवतो.

काळीपाटी
मान्य. कोळशाच्या कामात आम्हीही हेच करत होतो. सगळा कागद कोळशानं भरायचा आणि उजेड पुसून बाहेर काढायचा. पण कोळसा कागदावर सैल बसतो, ग्रॅफाइट तसं बसत नाही. म्हणून सावध करतो आहे.

खारा वारा
कोळशावरून आठवलं. आमच्याकडे गोव्यात एक म्हातारे चित्रकार शेजारी होते, ते कोळशाचं काम पावाच्या मऊ गरानं पुसायचे. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत आला की दोन पाव खायला आणि एक कामाला! गर चिमटीत घेऊन गोळी करायची, कागदावर टिपायची, टाकून द्यायची. लहानपणी मी ती काळी गोळी खाल्ली आहे. चवीत काही फरक नव्हता :-)

तिठा
पावाचं अगदी खरं आहे. रबर येण्याआधी युरोपात शिसपेन्सिल पावानंच खोडत. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टलीनं नोंदवून ठेवलं की पेन्सिलीच्या खुणा पुसायला अगदी योग्य असा एक पदार्थ मिळाला आहे. तेच रबर. हाच तो प्रीस्टली ज्याचं नाव आपण ऑक्सिजनच्या धड्यात शिकतो. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी मुलं खोडरबराचा वास घेऊन बघतात.

गंमत म्हणजे ते सुरुवातीचं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. गुडइयरनं १८३९ मध्ये गंधकाबरोबर तापवायची रीत शोधली तेव्हा ते टिकाऊ झालं. टॅकला आज हाच त्रास आहे, उन्हाळ्यात तो लिबलिबीत होतो.

आणि आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो त्यात शिसं कधीच नव्हतं. इंग्लंडात बॉरोडेलला सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइट सापडलं, लोकांना ती शिशाचीच जात वाटली. ते कार्बन आहे हे कळायला १७७९ उजाडलं, तोवर नाव रुळलं होतं. मराठीतही तेच आलं.

आता मूळ मुद्दा. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे अतिपातळ पापुद्रे, एकावर एक रचलेले, सहज सरकणारे. पेन्सिल ओढताना ते पापुद्रे सुटून कागदाच्या तंतूंत अडकतात. एच पेन्सिलीत माती जास्त, म्हणून रेघ फिकी आणि कडक. बीमध्ये ग्रॅफाइट जास्त. पानगळ, तुम्ही ४बीचा थर खोडरबरानं घासलात तेव्हा सगळे पापुद्रे एका पातळीत आडवे झाले आणि तंतूंच्या फटीत लिंपले गेले. सपाट झाले म्हणून आरशासारखा प्रकाश परत फेकतात. तुमची चकाकी ती हीच.

टॅक वेगळं काम करतो. हळू दाबला की दाट पाकासारखा वाहतो आणि कागदाच्या खळग्यांत उतरतो. जिथं पोचतो तिथले सुटे पापुद्रे त्याला चिकटतात. उचलला की ते त्याच्याबरोबर वर येतात. आडवी ओढ नसल्यामुळे फरपटणं नाही.

रेघोटी
सर किती छान समजावलंत. म्हणजे कागद खरखरीत असेल तर जास्त चांगलं उचलेल की कमी?

तिठा
दोन्ही. उंचवट्यांवरचं पटकन येतं, खळग्यातलं मागे राहतं. म्हणून खरखरीत कागदावर टॅक दाबला की ठिपकेदार छटा मिळते. गुळगुळीत कागदावर एकसारखी मिळते.

मोरपंखी
हो, आणि ती ठिपकेदार छटा दगडाला, जुन्या भिंतीला फार सुंदर लागते. ढगांनाही.

रेघोटी
एक सांगू का. हॉस्टेलवर टॅक नव्हता म्हणून मी मेसमधून कणकेचा गोळा आणला होता. पाव चालतो तर कणीक का नाही असं वाटलं. कणीक ओली असते. दाबली तिथं कागद फुगला, ग्रॅफाइटचा चिखल झाला आणि वाळल्यावर तो खडूनंही झाकेना. कुणी करून बघू नका. सबमिशनच्या आदल्या रात्री तर मुळीच नको.

घाटवाट
कणकेचं लक्षात ठेवतो :-D

दूरदेशी
ब्रिटनमधून लिहितोय. इथं ब्लू-टॅक म्हणजे घराघरातली वस्तू. बोस्टिक कंपनीचा, साधारण १९७० पासूनचा. सुरुवातीला तो पांढरा होता म्हणे, पण मुलं च्युइंगगम समजून तोंडात घालतील म्हणून निळा केला. माझ्या चित्रकलेच्या वर्गात प्रत्येकाच्या पेन्सिलीच्या मागच्या टोकाला ब्लू-टॅकचा बोंडाएवढा गोळा लावलेला असतो. हात न बदलता पेन्सिल उलटी करायची आणि टेकवायची. मला ही सवय इतकी लागली आहे की बँकेत पेनही उलटं धरतो.

पण दुसरी बाजूही सांगतो. भाड्याच्या घराच्या करारात इथं बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं, भिंतीला टॅक लावायचा नाही. का? तेलाचे डाग. माझ्या आधीच्या घरमालकानं चार डागांसाठी अनामत रकमेतून पैसे कापले होते. भिंतीत मुरतं ते कागदात मुरणार नाही का, हा प्रश्न मला तेव्हापासून आहे.

सांडशी
दूरदेशींचा प्रश्न रास्त आहे. मी कागदावरच्या जुन्या चित्रांच्या जतनाचं काम करते, म्हणून उत्तर देते.

टॅकमध्ये रबरासारखा चिवट पॉलिमर असतो, खडूसारखी खनिज भुकटी असते आणि तो मऊ राहावा म्हणून तेल असतं. नेमकं मिश्रण प्रत्येक कंपनी गुप्त ठेवते. हे तेल स्थिर राहत नाही, शेजारच्या कागदात हळूहळू उतरतं. जुनं पोस्टर उजेडासमोर धरा, चारही कोपऱ्यांत पारदर्शक गोल डाग दिसतील. ते तेल आहे आणि ते निघत नाही. म्हणून संग्रहालयात कुठल्याही कागदाजवळ टॅक येऊ देत नाही. आम्ही सुटी धूळ मऊ कुंचल्यानं झाडतो, नाहीतर व्हिनाइल खोडरबर किसून त्याचा चुरा अगदी हलक्या हातानं फिरवतो.

आता पोस्टर आणि तुमचा गाल यांत फरक आहे तो वेळेचा. पोस्टरला टॅक दोन वर्षं चिकटलेला असतो, तुम्ही दोन सेकंद टेकवता. इतक्यात फार तेल उतरत नाही. पण ‘फार नाही’ म्हणजे ‘अजिबात नाही’ असं मी लिहून देणार नाही. माझ्यासमोर आजीचं चित्र असतं तर मी एक चाचणी केल्याशिवाय हात लावला नसता. त्याच कागदाची कापलेली पट्टी घ्या, त्यावर टॅकचा चेंडू ठेवून वर जाड पुस्तकाचं वजन ठेवा. रात्रभर राहू द्या. सकाळी पट्टी खिडकीला लावून बघा. एका रात्रीत स्पष्ट डाग दिसला तर तो टॅक चित्रापासून लांब ठेवा. काही दिसलं नाही तर थोडक्यात काम करायला हरकत नाही.

अजून एक, भिंतीवरून काढलेला टॅक वापरू नका. त्यात चुना असतो, धूळ असते, रंगाचे कण असतात. ते कागदावर सँडपेपरचं काम करतील. कोरं पाकीट फोडा.

आणि मळायचा करडा खोडरबर जास्त निर्धोक असला तरी तोही ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून चिकट होतो. तसा झाला की टाकून द्यावा, जीव अडकवू नये.

खारा वारा
वॉटरकलरवाल्यांसाठी जोडतो. आधी पेन्सिलनं रेखाटन करून मग रंगवत असाल तर टॅक नकोच. मी एकदा होडीची रेघ टॅकने फिकी केली आणि समुद्राचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, दिला. नेमका तिथंच रंग फुटला, पाणी बाजूला सरकलं. एका दुकानातून आणलेला सुटा पांढरा टॅक होता तो. होडीभोवती पांढरं वलय राहिलं ते राहिलंच.

आणि आमच्या दमट हवेत एप्रिल-मेमध्ये टॅक हातात धरवत नाही, कागदावर तंतू सोडतो. मी तो स्टीलच्या वाटीत ठेवतो आणि ती वाटी थंड पाण्याच्या ताटलीत. पाच मिनिटांत वळणावर येतो. टॅकला पाणी लागू देऊ नका. आमच्या मांजरीनं तो गोळा दोनदा वाटीतून पळवलाय.

मोरपंखी
मांजरीचा फोटो पाठवा, चित्र काढते.

उंबरठा
धागा वाचून राहवलं नाही, थोडं अवांतर. खोडणं हीच कला असं मानणाऱ्या एका माणसाची गोष्ट. १९५३ मध्ये न्यूयॉर्कला रॉबर्ट राउशेनबर्ग नावाचा तरुण चित्रकार विलेम द कूनिंगकडे गेला. द कूनिंग तेव्हा मोठं नाव होतं. त्याला म्हणाला, तुमचं एक चित्र द्या, मला ते खोडायचं आहे. द कूनिंगला आवडलं नाही, पण त्यानं दिलं, आणि मुद्दाम खोडायला कठीण असलेलं निवडून दिलं. राउशेनबर्ग पुष्कळ दिवस, कित्येक खोडरबरं झिजवत ते खोडत बसला. मग सोनेरी चौकटीत लावलं. आज ते सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. २०१० मध्ये संग्रहालयानं इन्फ्रारेडच्या मदतीनं खालच्या रेघा वाचायचा प्रयत्न केला, तेव्हा पुसट आकृत्या दिसल्या. म्हणजे इतकं खोडूनही सगळं गेलं नव्हतं!

त्याच्या कितीतरी आधी, १८७० च्या दशकात, फ्रेंच चित्रकार देगा धातूच्या पत्र्यावर काळी शाई फासून चिंधीनं आणि बोटांनी पुसत पुसत उजेड काढायचा आणि मग त्याचा ठसा घ्यायचा. मोरपंखी मांजराच्या कानात जे करतात ते देगाच्या घरातलंच आहे असं मला वाटतं.

मोरपंखी
अहो, हे वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. धन्यवाद.

काळीपाटी
उंबरठा, फार चांगली आठवण करून दिलीत. जेजे कला महाविद्यालयात असताना देगाच्या त्या ठशांचे फोटो ग्रंथालयात तासन्‌तास बघितले आहेत.

पानगळ, तुमचा फोटो अजून आला नाही.

पानगळ
सर, क्षमा करा, शेतावर होतो. चित्राचा फोटो टाकतोय, शेजारी आजीचा मूळ फोटोही. डाव्या गालावर चकाकी दिसते ती बघा.

सांडशी ताईंची चाचणी काल रात्री लावली. नवीन पाकीट आणलं, कागदाची पट्टी, वर लाकडी पाट आणि त्यावर पाण्याची कळशी. सकाळी खिडकीला लावून बघितलं. डाग दिसत नाही. तिरपं धरल्यावर एक अंधुक गोल भासतो, पण बायकोला दिसला नाही. काय समजू?

सांडशी
कळशीच्या वजनाखाली दहा तास राहून एवढंच असेल तर दोन सेकंदांच्या टेकवण्याला घाबरू नका. गालापुरतंच वापरा. चित्रावर फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) मारलं नाहीये ना?

पानगळ
नाही, अजून नाही.

सांडशी
मग ठीक. फवारलं असतं तर काहीच उचललं गेलं नसतं. सगळं झाल्यावर मारा.

काळीपाटी
फोटो पाहिला. मोठा करून पाहिला, मग डोळे बारीक करून पाहिला, मग मोबाइल उलटा करून पाहिला.

पानगळ, तुम्ही चांगलं काम केलं आहे. गोंदणाचे तीन ठिपके नेमके जिथं हवेत तिथं आहेत आणि खालच्या ओठाची घडी अगदी खरी आहे. आता ऐका. गाल जास्त काळा नाही. पदर कमी काळा आहे.

डाव्या गालाला लागून पदराची आतली घडी आहे. आजीच्या मूळ फोटोत ती जवळजवळ काळी आहे. तुम्ही ती २बीवर सोडली, कदाचित पदर जड होईल म्हणून घाबरलात. डोळ्याला छटा एकटी कधीच दिसत नाही, शेजारणीबरोबर दिसते. शेजारी फिकं असलं की मधलं करडंही काजळीसारखं वाटतं. ती घडी ६बीनं भरा. एकदम नको, तीन हातांत, टोक सतत धारदार ठेवून. गाल आपोआप दोन पायऱ्या वर येईल, त्याला हातही न लावता.

त्यानंतरही गाल जड वाटला तर मोरपंखी सांगतात तसं टॅकने उचला. आधी पदर, मग टॅक. क्रम उलटा झाला तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त उचलाल.

घाटवाट
सर _/\_

तिठा
हे वर्गात दाखवण्यासारखं आहे. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे, एक काळ्यावर, एक पांढऱ्यावर. मुलांना पटतच नाही की दोन्ही सारखे आहेत.

मोरपंखी
मी फोटोत फक्त गालच बघत बसले होते. सर, तुम्ही बरोबर आहात. पानगळ, चकाकीसाठी एक अजून: उचलून झाल्यावर तिथं २एचनं, टोक जवळजवळ उभं धरून, अगदी हलक्या बारीक आडव्या-उभ्या रेघा टाका. चकाकणारा भाग तुटक होईल आणि समोरून दिसणार नाही. बी पेन्सिल तिथं आता घसरेल.

दूरदेशी
मी एका ठिकाणी असंही पाहिलंय की कमी चिकट टेप चित्रावर ठेवून वरून बॉलपेननं रेघ ओढतात, आणि टेप उचलली की नेमकी तेवढीच रेघ पांढरी होते. चकाकीवर ते चालेल का?

सांडशी
गुळगुळीत कागदाचे तंतू त्याबरोबर उपटले जाऊ शकतात. सरावाच्या कागदावर जरूर करा. आजीच्या गालावर नको.

रेघोटी
पानगळ दादा, झालं की सांगा. मी रोज धागा उघडून बघतेय.

पानगळ
झालं.

रविवारी पहाटे उजेड चांगला होता तेव्हा बसलो. आधी पदराची घडी. सरांनी सांगितलं तशी तीन हातांत ६बी. दुसऱ्या हातालाच गाल मागे न राहता पुढे आल्यासारखा दिसायला लागला. मी उठून दारापर्यंत जाऊन बघून आलो. चित्र तेच, गालाला बोटही लावलं नव्हतं, आणि काजळी गेलेली.

मग टॅक. लिमलेटच्या गोळीएवढा. गालाच्या हाडावर, फोटोत जिथं खिडकीचा उजेड पडलाय, तिथं सात वेळा टेकवला. मोजले. पहिल्या तीन वेळा टॅकवर काळा ठसा स्पष्ट आला, सुरकुत्यांसकट, उलटा. जणू आजीच्या गालाचा तुकडाच बोटावर आला. चौथ्यापासून ठसा फिका. सातव्याला थांबलो. चकाकी पूर्ण गेली नाही, पण २एचच्या रेघांनंतर ती फक्त खिडकीकडून तिरपं बघितलं तरच दिसते.

त्यानंतर मोरपंखी ताईंचं करंजीचं सुचलं. कानाजवळ पदरातून आजीचे चार-पाच केस नेहमी बाहेर यायचे. ती ते सारखे आत ढकलायची आणि ते पुन्हा बाहेर यायचे. फोटोत आहेत, पण मी काढले नव्हते, कारण आजूबाजूचं काळं भरून झाल्यावर पांढरे केस काढता येत नाहीत असंच मी धरून चाललो होतो. धार काढून टेकवत नेली. पाच केस. एक जरा जाड झाला, तो तसाच ठेवला.

आईला अजून काही सांगितलं नव्हतं. ती चहा घेऊन आली, बघितलं, आणि तिनं त्या केसांकडे बोट केलं. बोलली काही नाही.

सर, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. टॅकचे ते पहिले तीन ठसे मी मोडले नाहीत, तो गोळा तसाच डबीत ठेवलाय.

काळीपाटी
फार समाधान वाटलं. जाड केस ठेवलात ते उत्तम केलंत.

रेघोटी
मला रडू आलं.

खारा वारा
चौकट करताना काच चित्राला चिकटू देऊ नका हं. मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाला, नाहीतर पावसाळ्यात ग्रॅफाइट काचेला लागतं.

पानगळ
हो, माउंट कापायला दिलाय. गुरुवारी मिळेल म्हणाला.